कुत्रीसाठी घरी केलेला खाऊ: नाचणीची बिस्किटे, शेंगदाणे आणि पावसाळ्यातील साठवण

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे चार वर्षांची, साधारण १२ किलो वजनाची, नसबंदी झालेली गावठी कुत्री आहे. तिच्यासाठी नाचणीची बिस्किटे घरीच करावीत असे मनात आहे. ओव्हन नाही, गॅस आणि जाड बुडाची कढई आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, मुलांसाठी करतो तशीच गूळ, तूप, चिमूटभर जायफळ आणि थोड्या मनुका घालून करावीत. इतकी वर्षे मुलांना जे मानवले ते हिला का मानवू नये, या त्यांच्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आले नाही. शेंगदाण्याचा कूट चालेल का, आणि या दमट हवेत बिस्किटे किती दिवस टिकतील, हेही कृपया सांगावे.

पहिले उत्तर (पशुवैद्यक)

सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर असे की काही पदार्थ आपल्या शरीरात निरुपद्रवी ठरतात, पण कुत्र्याच्या शरीरात ते थेट एखाद्या अवयवावर घाला घालतात. मनुका, बेदाणे आणि द्राक्षे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यास धोका नाही असे प्रमाण ठरवता आलेले नाही, शिवाय भाजल्याने किंवा शिजवल्याने धोका टळत नाही, म्हणून मनुका पूर्णपणे वगळा. कांदा आणि लसूण रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, मग ते कच्चे असोत, शिजवलेले असोत किंवा पूड केलेले; तयार सूपच्या वड्यांमध्येही ही पूड असते. चिमूटभर जायफळाने बहुधा काही होणार नाही, परंतु जास्त प्रमाणात ते विषारी आहे आणि कुत्रीला त्याचा उपयोग काहीच नाही. गूळ आणि तूप विषारी नाहीत, पण फार तुपकट खाण्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

प्रमाणाकडेही तितकेच लक्ष हवे. खाऊ दिवसभराच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. तुमच्या कुत्रीला रोज साधारण ७०० किलोकॅलरी लागत असतील, म्हणजे खाऊच्या वाट्याला ७० आले. नाचणीच्या कोरड्या पिठाच्या हिशेबाने हे जेमतेम २० ग्रॅम होते. त्यातच तिचे जेवण तेवढे कमी करावे, नाहीतर नसबंदी झालेल्या कुत्रीचे वजन पाहता पाहता वाढते.

दुसरे उत्तर

मी कढईतच करते, म्हणून कृती देते. एक वाटी नाचणीचे पीठ, अर्धी वाटी उकडून, पाणी निथळून कुस्करलेला लाल भोपळा आणि एक अंडे एकत्र करून घट्ट मळावे. मीठ, साखर किंवा खाण्याचा सोडा यांपैकी काहीही घालू नये. गोळा हाताला चिकटत असेल तर पीठ वाढवावे. पातळ लाटून सुरीने हरभऱ्याएवढे चौकोन कापावेत, कारण कुत्र्याला आकारापेक्षा किती वेळा मिळाले याचे अप्रूप अधिक असते. कढईत स्टँड ठेवून, झाकण लावून ती दहा मिनिटे तापवावी आणि ताटली आत ठेवून मंद आचेवर अर्धा तास भाजावे. मग एक तुकडा मोडून पाहावा: कडा कुरकुरीत झाल्या तरी मधला भाग अजून गडद आणि दमट दिसला, तर झाकण काढून आणखी वाळवावे. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नये. आतली वाफ झाकणाला धरते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. पावसाळ्यात फ्रिजमध्ये चार-पाच दिवस पुरतील इतकीच ठेवावीत आणि उरलेली फ्रीजरमध्ये टाकावीत, तिथे दोन महिने सहज टिकतात.

पहिल्या वेळी दोनच तुकडे देऊन दोन दिवस शौच आणि खाज यांवर लक्ष ठेवा. नवे जिन्नस एकेक करूनच वाढवावेत, म्हणजे काही बाधले तर कशाने बाधले हे कळते.

तिसरे उत्तर

शेंगदाणे चालतात, पण बिनमिठाचे, भाजून साल काढलेले आणि थोडेच. या दिवसांत दाणे निवडूनच घ्या. ओलसर दाण्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते, ते यकृताला घातक असते आणि घरच्या भाजण्याने पुरते नष्ट होत नाही. सुरकुतलेला, काळपट किंवा कडू दाणा टाकून द्यावा. दाण्यांना कुबट वास आला तर सगळेच टाकावेत. तयार पीनट बटर वापरणार असाल तर डबीवर झायलिटॉल लिहिले आहे का ते आधी वाचा. साखरविरहित पदार्थांत घातला जाणारा हा गोड पदार्थ कुत्र्याची रक्तशर्करा तासाभरात धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मनुका रद्द झाल्या आणि सासूबाईंनाही कारण पटले. एक शंका राहिली: भाताबरोबर तिला कधीकधी चिंचेची आमटी मिळते, ती चालेल का?

पशुवैद्यक

देऊ नका. २०२१ साली अमेरिकेतील एएसपीसीए संस्थेच्या विषबाधा केंद्रातील पशुवैद्यकांनी द्राक्षांच्या विषारीपणामागे टार्टारिक आम्ल असावे, असे मत मांडले, आणि चिंचेत ते भरपूर असते. आमटीत फोडणीचा कांदा-लसूणही असतोच. साधा भात, हवे तर बिनमिठाच्या उकडलेल्या डाळीबरोबर, पुरेसा आहे. चुकून मनुका किंवा चिंच पोटात गेली आणि उलटी सुरू झाली नाही, तरीही वाट न पाहता दवाखाना गाठा. उलटी करवण्यासाठी घरी मिठाचे पाणी पाजू नका, त्याने रक्तातील मीठ वाढून दुसरेच संकट ओढवते.