अजिंक्य, अपराजित की श्रेष्ठ? लॅरी होम्ससाठी शब्द हवा आहे

प्रश्न

अमेरिकी हेवीवेट मुष्टियोद्धा लॅरी होम्स याच्यावर मराठीत लेख लिहितोय आणि एका वाक्यापाशी दोन दिवस अडून बसलोय. त्याला 'ऑल-टाइम ग्रेट' म्हणायचं की नाही, हा वाद बॉक्सिंगच्या चाहत्यांत जुनाच आहे. मी लिहिलं, 'होम्स हा सार्वकालिक महान आणि अजिंक्य मुष्टियोद्धा होता.' मित्र म्हणाला, मायकेल स्पिंक्सकडून हरलेला माणूस अजिंक्य कसला? जाणकारांनी सांगावं.

उत्तर

मित्राची शंका रास्त आहे, पण ती 'अपराजित'ला लागू पडते. अपराजित म्हणजे आजवर पराभव न झालेला. ही निव्वळ मागची नोंद आहे. हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानो 49 पैकी 49 लढती जिंकून 1956 मध्ये थांबला, तो अपराजित. होम्सही ओळीने 48 लढती अपराजित होता. एक जिंकली असती तर मार्सियानोची बरोबरी झाली असती, पण 21 सप्टेंबर 1985 रोजी लास वेगासमध्ये मायकेल स्पिंक्सने त्याला गुणांवर हरवलं आणि त्या दिवसापासून हा शब्द त्याला लावता येत नाही.

अजिंक्यचं तसं नाही. संस्कृतात अजेय, अजय्य आहेत; 'अजिंक्य' आपण आपल्या 'जिंकणे'वरून घडवला. ज्याला जिंकता येणार नाही तो अजिंक्य. म्हणजे हा शब्द सामर्थ्याबद्दल बोलतो. साताऱ्याचा किल्ला 1700 मध्ये औरंगजेबाने घेतला होता. मराठ्यांनी तो परत मिळवला आणि त्याचं नाव झालं अजिंक्यतारा. पडलेल्या किल्ल्याला हे नाव द्यायला कोणी कचरलं नाही. क्रीडापानावर तर आपण 'अजिंक्यपद गमावलं' असंही बिनदिक्कत लिहितो. शब्दशः पाहिलं तर ते विसंगत आहे, पण तिथे अजिंक्यपद म्हणजे सरळ विजेतेपद. तेव्हा 'होम्सने जागतिक अजिंक्यपद वीस वेळा राखलं' हे वाक्य निर्दोष आहे. 'होम्स अजिंक्य होता' यातून मात्र वाचक 'कधीच हरला नाही' असाच अर्थ घेईल, म्हणून टाळा.

आणखी एक मत

शब्दाचं राहू द्या, मुळात होम्सला श्रेष्ठ म्हणणंच मला पटत नाही. मुहम्मद अलीला हरवलं म्हणतात, पण तेव्हा अली 38 वर्षांचा होता. कारकिर्दीच्या भरात असलेले जो फ्रेझर, जॉर्ज फोरमन यांच्यासारखे विजेते होम्सच्या वाट्याला आलेच नाहीत. टिम विदरस्पून या प्रतिस्पर्ध्याने त्याला जवळजवळ हरवलंच होतं.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

अलीबरोबरची लढत मीही त्याच्या बाजूने मोजत नाही, आणि मला वाटतं होम्सनेही मोजली नसेल. ज्या अलीचा तो एकेकाळी सरावातला जोडीदार होता, त्यालाच 2 ऑक्टोबर 1980 ला दहा फेऱ्या ठोसे घालावे लागले. तिन्ही परीक्षकांनी दहाच्या दहा फेऱ्या होम्सला दिल्या. अकराव्या फेरीसाठी अलीला त्याच्या प्रशिक्षकाने, अँजेलो डंडीने, उठू दिलं नाही. जिंकलेला होम्स नंतर रडला.

पण केन नॉर्टनबरोबरची अजिंक्यपदाची लढत? 9 जून 1978. चौदा फेऱ्या झाल्या तेव्हा परीक्षकांच्या कागदावर दोघे बरोबरीत होते. पंधराव्या फेरीत दोघांच्याही अंगात त्राण उरलं नव्हतं आणि तरी एकानेही मागे पाऊल घेतलं नाही. शेवटी होम्स दोन परीक्षकांकडे एका गुणाने पुढे, तिसऱ्याकडे एका गुणाने मागे, म्हणजे लढत त्याने जिंकली. पुढच्या वर्षी अर्नी शेव्हर्सच्या उजव्या हाताने सातव्या फेरीत तो आडवा झाला. असा ठोसा खाल्लेली माणसं सहसा उठत नाहीत. तो उठला आणि अकराव्या फेरीत त्यानेच लढत संपवली. प्रतिस्पर्धी दुबळे होते असं यानंतर कसं म्हणावं?

आता 'श्रेष्ठ'. संस्कृतात हे रूप मुळातच 'सर्वांत चांगला' अशा अर्थाचं आहे, ज्येष्ठ आणि कनिष्ठ यांच्या जातीचं. मराठीत त्याची ती धार गेली. 'अमक्यापेक्षा तमका श्रेष्ठ' असं आपण सहज म्हणतो, म्हणून 'सर्वश्रेष्ठ' वेगळा लागतो. सर्वश्रेष्ठ एकच असू शकतो. ती जागा माझ्या मते अलीची, फार तर पंचवीस वेळा पद राखणाऱ्या जो लुईची. श्रेष्ठ अनेक असू शकतात आणि त्यांत होम्स पहिल्या पाचांत बसतो, हे मी ठामपणे म्हणेन.

'महान' आणि 'थोर' मात्र मी त्याला लावणार नाही. त्यात त्याची निंदा नाही. थोर म्हटलं की आपल्या कानाला कर्तबगारीच्या पलीकडचं काही ऐकू येतं. अलीने 1967 मध्ये सैन्यात जायला नकार दिला, पद गेलं, साडेतीन वर्षं खेळता आलं नाही. ते थोरपण. होम्स अमेरिकेतल्या ईस्टन गावातला एक कष्टाळू माणूस, आपलं काम इतरांपेक्षा चांगलं करणारा. अन्याय झाला तो इथेच. लोक अलीच्या थोरपणाशी होम्सचं कसब ताडून बघत राहिले. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत, तर ते वापरावेत.

'दिग्गज'ही चालेल. दिशा तोलणारे हत्ती मुळात आठच आहेत, तेव्हा शब्द स्वस्त करू नये. पण आठांत होम्स नक्की येतो.

प्रश्नकर्त्याकडून

मनापासून आभार. वाक्य बदललं: 'होम्स हा सर्व काळांतल्या श्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांपैकी एक, 48 लढतींपर्यंत अपराजित.' आणखी एक, त्याच्या जॅबला मी 'डाव्या हाताचा गुद्दा' म्हटलंय. बरोबर?

उत्तर

नको. गुद्दा भांडणात घालतात, त्यावरूनच गुद्दागुद्दी. बुक्कीही तशीच, लाथाबुक्क्यांतली. जॅब शिकून, घोटून येतो. होम्सचा तर खांद्यातून सुटून पुरता ताणला जायचा आणि समोरच्याचं डोकं मागे ढकलून तितक्याच वेगाने परत यायचा. त्याला 'डाव्या हाताचा सरळ ठोसा' म्हणा. एकदा तसं सांगून पुढे 'जॅब'च ठेवलात तरी वाचकाला अडचण येणार नाही.