जोडीदार ३ बदाम बोलला, त्यांनी ३ इस्पिक केलं, आता ४ बदाम की पास?

चौकट_दुर्री

मंडळी, क्लबच्या ब्रिजच्या पेअर्स (जोड्यांच्या) स्पर्धेतला एक डाव टाकतोय, जरा मत द्या, कारण चहाच्या वेळेपासून माझं आणि पार्टनरचं यावरूनच वाजतंय.

मॅचपॉइंट (तोच डाव इतर टेबलांवर कसा गेला त्याच्या तुलनेत गुण), दोन्ही बाजू नॉन-वल्नरेबल (म्हणजे दंड कमी), डीलर पार्टनर (नॉर्थ). मी साउथ. माझी पानं:

इस्पिक ८ ५ ३
बदाम राजा ९ ६ ४
चौकट एक्का गुलाम ७ २
किलवर ६ ४

ऑक्शन, म्हणजे बोली (३ बदाम म्हणजे बदाम हुकूम करून सहा अधिक तीन, नऊ हात म्हणजे ट्रिक्स करू), अशी झाली: पार्टनर १ बदाम, ईस्ट १ इस्पिक, मी २ बदाम, वेस्ट २ इस्पिक, पार्टनर ३ बदाम, ईस्ट ३ इस्पिक, आणि आता मी. आम्ही पाच पानी मेजर खेळतो (बदाम किंवा इस्पिकने सुरुवात म्हणजे त्या रंगाची किमान पाच पानं), माझा २ बदाम म्हणजे साधारण ६ ते ९ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) आणि कमीत कमी तीन पानं, त्यापुढे काही ठरलेलं नाही.

मी पास केला, सगळे पास, ३ इस्पिक बरोब्बर झालं, आम्हाला उणे १४०. पार्टनर म्हणतो आठ पॉइंट, चार हुकूम, वर दुहेरी (दोनच पानांची) किलवर, एवढं असून गप्प कसा बसलास. मी म्हणतो तू ३ बदाम बोललास म्हणजे तू हिशेब केलास, मी परत तेच कशाला सांगू. नेमकं कसं ठरवायचं असतं हे? पूर्ण डील नंतर टाकतो, आधी फक्त ही १३ पानं बघून सांगा.

डमी_काका

पास. मी तरी फार वेळ घेणार नाही इथे.

दोन गोष्टी बघ. एक, तुझ्यानंतर पार्टनरची पाळी अजून आहे. ईस्टनंतर लगेच तू बोलणार, म्हणजे तुझ्या पासने ऑक्शन संपत नाही, शेवटचा शब्द पार्टनरचा. दुसरं, पार्टनरने ३ बदाम केलं तेव्हा गेम (बोनस देणारी बोली, इथे ४ बदाम) हवा असता तर मध्ये ३ किलवर, ३ चौकट असं काहीतरी बोलून विचारता आलं असतं, जागा होती. सरळ ३ बदाम म्हणजे फक्त त्यांना २ इस्पिकवर सुखाने खेळू द्यायचं नाही एवढंच. ते निमंत्रण नाहीच.

चारच्या लेव्हलला जाताना मनात स्पष्ट असावं की आपण करायला जातोय की वाचवायला (म्हणजे हरून कमी तोटा घ्यायला). दोन्हीचं उत्तर "बघू काय होतं ते" असेल तर पास कर बाबा. ३०४ हा पत्त्यांचा खेळ खेळताना खुन्नसवर बोली चढवायची सवय ब्रिजमध्ये फार महाग पडते, आमच्या पिढीत सगळे तिथूनच इकडे आलेत म्हणून सांगतो.

किलवरची_राणी

काकांशी सहमत, पण नुसतं "पास" म्हणून भागणार नाही, कारण हा हात खरंच काठावरचा आहे. हिशेब करू.

टोटल ट्रिक्सचा नियम माहीत असेलच. जाँ-रने व्हर्न नावाच्या फ्रेंच माणसाने १९६९ मध्ये द ब्रिज वर्ल्ड मासिकात मांडला आणि मग १९९२ च्या सुमारास लॅरी कोहेनने घराघरात पोचवला. आपला सगळ्यात लांब रंग आणि त्यांचा सगळ्यात लांब रंग, यातली एकूण पानं मोजा, साधारण तेवढेच हात दोन्ही बाजूंचे मिळून होतात (आपल्या हुकमात आपले किती, अधिक त्यांच्या हुकमात त्यांचे किती).

आता तुझ्या बाजूने. पार्टनरचे बदाम पाच धरले तर आपले नऊ. ईस्टचे इस्पिक पाच, वेस्टचे तीन, तुझे तीन, म्हणजे पार्टनरकडे दोन उरतात. त्यांचे आठ. एकूण १७. त्यांचे ३ इस्पिक होत असेल तर त्यांचे ९ हात, मग आपले ८. म्हणजे ४ बदाम दोन हात कमी, डबल झालं (त्यांनी दंड वाढवणारी बोली केली) तर उणे ३००, आणि नुसते पास केले तर उणे १४०. त्यांचे ८ होत असतील तर आपले ९, म्हणजे त्यांना एक हात पाडून मिळणारे ५० सोडून आपणच ५० द्यायला निघालो. १७ असताना तीनवर चार बोलणं दोन्हीकडून मार खातं (फक्त दोन कमी जाऊनही कोणी डबल केलं नाही तर उणे १०० मध्ये सुटतो, पण त्यांच्या झोपेवर किती भिस्त ठेवायची).

पण पार्टनरकडे सहा बदाम आणि एकच इस्पिक असेल तर चित्र साफ बदलतं. आपले १०, त्यांचे ९, एकूण १९. त्यांचे ९ तर आपले १०, म्हणजे ४ बदाम चक्क होतंय, ४२०. त्यांचे १० होत असतील तर आपण एक कमी, डबल धरून उणे १००, आणि पास केलं तर उणे १७०. इथे बोलायलाच हवं.

सगळा प्रश्न पार्टनरच्या सहाव्या बदामाचा आहे आणि तो तुला दिसत नाही. तुझं चौथं पान त्याला दिसत नाही. दोघांकडे अर्धी अर्धी माहिती, गोची तिथे आहे. तुमच्यात २ बदामवरून ३ बदाम म्हणजे सहा पानं असं ठरलंय का? बरेच जण तसं खेळतात.

चौकट_दुर्री

नाही ठरलेलं. घ्या पूर्ण डील:

पार्टनर (नॉर्थ): इस्पिक ४ २, बदाम एक्का राणी गुलाम ७ ३, चौकट राजा ५ ४, किलवर राणी ८ ५

ईस्ट: इस्पिक एक्का राणी गुलाम ९ ६, बदाम ८ ५, चौकट राणी ९, किलवर राजा गुलाम ७ २

वेस्ट: इस्पिक राजा १० ७, बदाम १० २, चौकट १० ८ ६ ३, किलवर एक्का १० ९ ३

ईस्टवाल्याने किलवरची राणी बरोबर पकडली. बऱ्याच टेबलांवर आपल्या बाजूने ३ बदाम खेळून १४० घेतलेत, म्हणून आमचा बोर्ड तळाला.

हुकूम_मोजा

मस्त डील आहे. पार्टनरकडे पाचच बदाम आणि दोन इस्पिक, म्हणजे राणीताईंचा १७ वाला केस, आणि तरीही ४ बदाम फायद्यात गेलं असतं. बघा कसं.

४ बदाममध्ये आपण दोन इस्पिक आणि दोन किलवर देतो. चौकटमध्ये ईस्टची राणी नव्वीसोबत दुहेरी आहे, राजा वाजवून गुलामाकडे लहान पान गेलं की राणी एक्क्याखाली सापडते, तिथे काही जात नाही. एकूण चार गेले, ९ हात, एक कमी, उणे ५०. डबल असलं तरी उणे १००. दोन्ही उणे १४० पेक्षा बरं.

त्यांच्या बाजूने बघा. दोन बदाम आणि दोन चौकट जातात, किलवरची राणी सापडली तर ९ हात. नाही सापडली तर ८. म्हणजे राणी सापडली तर एकूण १८, नाही सापडली तर बरोब्बर १७. नियम एका फिनेसने (राणी कोणाकडे आहे या अंदाजाने) चुकला किंवा बरोबर आला, बाकी काही नाही. आणि राणी सापडणं इथे नुसतं नशीब नव्हतं. नॉर्थकडे बदामचे एक्का राणी गुलाम आणि चौकटचा राजा दिसले की झाले फक्त दहा पॉइंट, ओपनिंग (पहिली बोली) केलंय म्हणजे याहून जास्त असणार, तर किलवरची राणी बहुतेक त्याच्याचकडे. शहाणा डिक्लेअरर (डाव खेळणारा) ती पकडतोच.

नियमावर टीका करणारेही काही कमी नाहीत, माइक लॉरेन्स आणि अँडर्स विरग्रेन यांनी २००४ मध्ये त्यावर भरपूर आकडेमोड करून दाखवली की नुसती हुकमांची बेरीज पुरत नाही, छोटे रंग आणि कामाची चित्रं कुठे आहेत ते बघावं लागतं. या हातात बघा, तुमच्याकडे किंवा पार्टनरकडे इस्पिकमध्ये एकही चित्र नाही, जवळजवळ सगळी ताकद स्वतःच्या रंगात आणि चौकटमध्ये. शत्रूच्या रंगात राणी गुलाम अडकलेले नसले की एकूण हात थोडे वरच जातात. तुमच्या चौकट एक्क्याऐवजी इस्पिकची राणी गुलाम असती तर मी डोळे मिटून पास म्हटलं असतं.

म्हणजे माझं मत: नॉन-वल्नरेबल मॅचपॉइंटला मी ४ बदाम बोलीन, पण फार थोड्या फरकाने. वल्नरेबल असतो तर अजिबात नाही. डबल होऊन एक हात कमी म्हणजे २००, आणि पार्ट-स्कोअरच्या (गेमपर्यंत न जाणाऱ्या) बोर्डवर उणे २०० सगळ्या १४०, १७० वाल्यांच्या खाली जाऊन बसतं.

डमी_काका

@हुकूम_मोजा, डील बघून बोलणं सोपं असतं हो. ईस्टची चौकट राणी वेस्टकडे सरकवा, दोन कमी, डबल, ३००. मग काय सांगाल?

बाकी एक मॅचपॉइंटची गोष्ट कोणी म्हटली नाही. ईस्टने ३ इस्पिक बोलल्या क्षणी तुमचे ३ बदामचे १४० गेले, ते परत येणार नाहीत. आठ हुकमांवर तीन बोलला, धाडसच केलं त्याने, आणि त्याला फळलं. तिथून पुढे तुमची स्पर्धा फक्त त्या टेबलांशी आहे जिथे इस्पिक खेळलं गेलं. तिथे २ इस्पिकवर सोडलं असलं तरी ९ हात म्हणजे १४०च. म्हणजे तुमचा पास त्यांच्याबरोबरीचा आहे. तळाचा बोर्ड तुमच्या पासने आलेला नाही.

बाजूचं_टेबल

थोडं अवांतर, पण महत्त्वाचं वाटतं म्हणून. असा काठावरचा हात आला की माणूस एक मिनिट छताकडे बघतो, सुस्कारा सोडतो आणि मग पास करतो. झालं, पार्टनर अडकला. कारण आता त्याला कळलंय की तुझ्याकडे काहीतरी आहे, आणि ब्रिजच्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे त्याला ती माहिती वापरता येत नाही. त्याच्याकडे खरंच सहा बदाम असते आणि त्याने ४ बदाम केलं असतं तर ईस्ट-वेस्टने डायरेक्टरला बोलावलं असतं आणि बहुतेक स्कोअर फिरवूनही घेतला असता. काका म्हणतात तसा "शेवटचा शब्द पार्टनरचा" ठेवायचा असेल तर पास नेहमीच्या वेगात करावा लागतो. म्हणून विचार आधी करायचा, पार्टनर ३ बदाम बोलला तेव्हाच, की आता ३ इस्पिक आलं तर मी काय करणार. ऑनलाइनही तेच, तिथे नेट स्लो होतं म्हणता येतं पण रोज रोज कोण ऐकणार.

सांगलीकर_नोट्रंप

तुम्ही सगळे शेवटच्या बोलीवर भांडताय, आणि माझ्या मते ते ४ बदाम की पास हे जवळजवळ टॉस आहे, त्यात कोणालाच दोष देण्यासारखं काही नाही. खरी जागा पहिली बोली आहे.

चार हुकूम आहेत हे पहिल्याच फेरीत का नाही सांगितलं? ईस्टने १ इस्पिक केल्यावर तिथूनच ३ बदाम मारलं असतं तर? आता वेस्टच्या जागी बसा. सात पॉइंट, तीन इस्पिक, दहा आठ सहा तिर्रीची चौकट. २ इस्पिक तो सुखाने बोलला कारण स्वस्तात होतं. ३ बदामवर ३ इस्पिक बोलायला त्याला घाम फुटला असता. समजा तो पास, पार्टनर पास, आता ईस्टला एकट्याला ठरवायचंय, पाच पानं आणि १३ पॉइंट घेऊन तीनच्या लेव्हलला, वेस्टकडे काय आहे ते माहीत नसताना. बरेच जण तिथे थांबतात आणि तुम्ही ३ बदाम खेळून १४० घेता. आणि समजा कोणी ३ इस्पिक बोललंच, तर पार्टनरला आधीच माहितीये तुझ्याकडे चार आहेत. त्याच्याकडे पाच म्हणजे एकूण नऊ, इस्पिक दोन, तो पास करेल. सहा असते तर ४ बदाम करेल. तुला परत तोंड उघडायची गरजच नाही. तुम्ही दोन पायऱ्यांनी ३ बदामला पोचलात आणि वाटेत त्यांना एकमेकांशी बोलू दिलंत, तिथेच घोटाळा.

एक अडचण आहे, ती मान्य करतो. आजकाल बहुतेक लोक ओव्हरकॉलवर (समोरच्यांनी मध्ये केलेल्या बोलीवर) उडी मारून ३ बदाम म्हणजे कमजोर हात धरतात, चांगला हात असेल तर त्यांचाच रंग बोलून, म्हणजे २ इस्पिक बोलून सांगतात. तुझे आठ पॉइंट कमजोर उडीला जरा जास्त आणि २ इस्पिकला कमी. मी तरी तिकडून उडीच मारीन, नॉन-वल्नरेबलला तर नक्कीच, पण पार्टनरला एकदा सांगून ठेवलेलं बरं.

किलवरची_राणी

+१ सांगलीकर. हेच म्हणत होते अर्धी अर्धी माहिती म्हणून, तुम्ही नीट मांडलंत.

चौकट_दुर्री

सगळ्यांचे आभार. एकच राहिलं, डबलचं कोणी बोललं नाही. पार्टनरचं आता असंही म्हणणं आहे की ३ इस्पिक डबल तरी करायला हवं होतं.

हुकूम_मोजा

कशावर? तुमच्याकडे ८ ५ ३ आहेत. आणि हिशेबसुद्धा बसत नाही, ते नॉन-वल्नरेबल आहेत, डबल करून एक हात पाडलात तरी १००, तुमचे हक्काचे १४० भरून निघत नाहीत. ते वल्नरेबल असते तर २०० साठी असा डबल विचारात घेता येतो, तोही पार्टनरकडे इस्पिकमध्ये काही असण्याची आशा असेल तर. आणि झालं तर डबलमध्ये ३ इस्पिक म्हणजे गेमचा बोनस, ५३० हातात द्याल.

चौकट_दुर्री

बरोबर, ५३० चा आकडा त्याला पाठवलाय, त्यावर नुसता अंगठा आलाय.

पार्टनरशी ठरलेलं सांगतो: इथून पुढे २ बदामवरून ३ बदाम म्हणजे सहा पानं, पाच असतील तर २ इस्पिकवर पास करायचं आणि मला चार असतील तर मी बोलायचं. चार पानं आणि सातच्या आत पॉइंट असतील तर सरळ उडी. आठ-नऊवाल्या हाताचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये, तो म्हणतो २ इस्पिक, मी म्हणतो उडी. पुढच्या रविवारी परत हाच हात आला म्हणजे मिळवलं.