मदत हवी आहे: प्लेलिस्ट प्रमोशनमुळे गाणं सगळीकडून काढलं गेलं, पुढचं गाणं तीन आठवड्यांवर आलंय

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण खरंच अडलंय आणि कोणाला विचारावं तेच कळत नाहीये. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी चार वर्षं घरी लॅपटॉपवर गाणी बनवते आणि महिन्यातून दोन-तीनदा डीजे म्हणून वाजवते. बहुतेक वेळा सुरुवातीचा सेट, म्हणजे लोक अजून यायचेत आणि लाइटवाल्याचं काम चालू आहे तेव्हाचा. लेबल नाही, मॅनेजर नाही, कव्हरपासून ईमेलपर्यंत सगळं मीच बघते. यंदा पहिल्यांदाच मैत्रिणीकडून एक गाणं गाऊन घेतलं. तिने आयुष्यात कधी रेकॉर्डिंग केलं नव्हतं. खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतीला रजया टांगल्या, एका कडव्याचे ३२ टेक झाले, दोघी रडकुंडीला आलो, पण शेवटी जे हाताला लागलं ते माझ्या आजवरच्या कामातलं सगळ्यात चांगलं आहे.

पहिल्या महिन्यात १,४०० च्या आसपास स्ट्रीम आले. मला त्याचा फार आनंद होता. मग एका ठिकाणी सेट मागायला गेले तर तिथल्या बुकिंगवाल्याने मिक्स ऐकायच्या आधीच विचारलं, मंथली लिसनर्स किती? मी आकडा सांगितला आणि तो नुसता बरं म्हणाला. ते बरं डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यात इन्स्टाग्रामवर एकाचा मेसेज आला, तुमचं गाणं आमच्या प्लेलिस्टांमध्ये टाकतो, सगळे खरे श्रोते, बॉट नाहीत, हमी देतो. मी पैसे भरले.

नऊ दिवसांत ३८,००० स्ट्रीम. पहिले दोन दिवस मी हवेत होते, तिसऱ्या दिवशी स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समध्ये, म्हणजे कलाकाराला आपले आकडे दिसतात त्या ॲपमध्ये, नीट बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. जवळपास सगळे श्रोते दोनच शहरांतले, सेव्ह फक्त ११, आणि माझं दुसरं एकही गाणं त्यातल्या कोणी ऐकलेलं नाही. त्याला लिहिलं की थांबव, त्याने मेसेज बघितला पण उत्तर दिलं नाही. मग डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे माझी गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपांवर (स्टोअरवर) चढवणाऱ्या कंपनीचा, ईमेल आला, कृत्रिम स्ट्रीम आढळल्यामुळे गाणं सगळ्या स्टोअरमधून काढलंय आणि त्याची रॉयल्टी रोखलीये. पैसे गेले त्याचं एवढं नाही हो, पण तिचं पहिलं गाणं गेलं आणि ते माझ्यामुळे गेलं. तिला अजून सांगितलेलं नाही.

आता विचारायचंय ते असं की हे गाणं परत चढवता येतं का आणि आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख-कोड) तोच ठेवायचा की नवीन घ्यायचा, पुढचं गाणं त्याच अकाउंटवरून तीन आठवड्यांनी येतंय त्याला याचा फटका बसेल का, गुपचूप दुसरा डिस्ट्रिब्युटर धरावा का. आणि त्याच आठवड्यात मला एक सेट मिळालाय, मोठ्या डीजेच्या आधीचा दीड तास, आजवरचा सगळ्यात मोठा, त्यात मला हेच गाणं वाजवायचं होतं. कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी एक गोष्ट, गुपचूप डिस्ट्रिब्युटर बदलू नका. नवीन ठिकाणी चढवलं आणि परत तेच आकडे दिसले तर तिथलंही अकाउंट जाईल. मी काही कलाकारांची रिलीज सांभाळतो, असं गाणं काढलं जाणं दोघांच्या बाबतीत झालंय, त्यातल्या एकाचं गाणं परत आलं.

२०२४ पासून स्पॉटिफाय उघड उघड कृत्रिम स्ट्रीम दिसले की त्या ट्रॅकमागे डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतं, त्यामुळे हे लोक आता विचारत बसत नाहीत, आधी गाणं काढतात. म्हणून त्यांना भांडणाचा ईमेल लिहू नका. तारखेनुसार लिहा. कोणत्या दिवशी त्या माणसाचा मेसेज आला, कधी पैसे भरले, कधी तुमच्या लक्षात आलं, कधी थांबव म्हणून लिहिलं. चॅटचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती, त्या प्लेलिस्टच्या लिंका, सगळं एकाच ईमेलमध्ये. तुम्ही स्वतःहून थांबवायला सांगितलंत हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, तो वरच ठेवा. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्सच्या मदत विभागात संशयास्पद प्लेलिस्ट कळवायचा फॉर्म आहे, तोही भरा, आणि भरल्याचं त्याच ईमेलमध्ये सांगा.

परवानगी मिळाली तर तोच आयएसआरसी ठेवा. तो १२ अक्षर-अंकांचा कोड त्या रेकॉर्डिंगचा असतो, स्टोअरचा किंवा डिस्ट्रिब्युटरचा नसतो. तीच डब्ल्यूएव्ही फाइल, नावाचं स्पेलिंग अगदी तेच, कलाकारांची नावंही तशीच, मग जुने आकडे जोडले जाण्याची शक्यता असते. मिक्स थोडा सुधारून नवीन फाइल टाकायचा मोह होईल, पण मग ते वेगळं रेकॉर्डिंग झालं.

पुढच्या गाण्याचं म्हणाल तर पिच, म्हणजे स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट एडिटरांकडे गाणं पाठवणं, अजून केलं नसेल तर आजच करा. रिलीजच्या किमान ७ दिवस आधी केलं की तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नवीन गाण्यांची प्रत्येकाची आपोआप बनणारी प्लेलिस्ट) तेच गाणं जातं, एडिटरने घेतलं नाही तरी. आणि पैसे देऊन प्लेलिस्ट कुठलीच नको, कितीही हमी दिली तरी. १२ महिन्यांत १,००० स्ट्रीमच्या खाली असलेल्या ट्रॅकला स्पॉटिफायवर रॉयल्टीच मिळत नाही, तुम्ही एका महिन्यात स्वतःच्या बळावर ती रेघ ओलांडली होती हे विसरू नका.

प्रतिसाद २

वरच्यांनी रिलीजचं सगळं सांगितलंय, मी फक्त डीजेच्या बाजूने लिहितो, पंधरा वर्षं वाजवतोय.

गाणं स्टोअरमधून काढलंय, तुमच्याकडून नाही. फाइल तुमची आहे. पेनड्राइव्हवर टाका आणि वाजवा की! सेटमध्ये वाजवायला ते कुठल्या ॲपवर असायची काहीच गरज नाही, उलट कुठेच न मिळणारा ट्रॅक म्हटल्यावर लोक येऊन विचारतात.

फक्त तुमचा सेट मोठ्या डीजेच्या आधीचा आहे, त्यामुळे जागा बघून वाजवा. सुरुवातीच्या डीजेचं काम खोली भरायचं आणि तापवायचं, फोडायचं नाही. पुढचा माणूस १२६ बीपीएमवर (मिनिटाला १२६ ठोके) सुरू करणार असेल तर तुम्ही ११६-११८ ला सुरू करून शेवटी १२३-१२४ ला आणून सोडा, आवाजाचे मीटर लाल करू नका, आणि त्याचे स्वतःचे गाजलेले ट्रॅक चुकूनही वाजवू नका. माझ्या ओळखीतली कितीतरी परत बोलावणी नुसत्या याच शिस्तीवर आलीत. बुकिंगवाले आकडे विचारतात हे खरंय, पण सुरुवातीचा सेट नीट लावणारा माणूस मिळाला की मुख्य डीजेच सांगतो, पुढच्या वेळी यांनाच ठेवा. तिथे आकड्याला कोणी विचारत नाही.

सेट रेकॉर्ड करा. दुसऱ्यांची गाणी असलेला मिक्स यूट्यूबवर टाकलात तर कंटेंट आयडीचे (यूट्यूबची कॉपीराइट ओळखणारी यंत्रणा) क्लेम येतात. मिक्सक्लाउड या मिक्स ठेवायच्या साइटकडे डीजे मिक्ससाठी लायसन्स आहेत, तिथे ठेवा आणि पुढच्या वेळी आकडा विचारला की त्याची लिंक द्या. पेनड्राइव्ह दोन न्या, रेकॉर्डबॉक्समधून (डीजेची गाणी लावून ठेवायचं सॉफ्टवेअर) आधी एक्सपोर्ट केलेले.

प्रतिसाद ३

मी गायिका आहे, म्हणून राहवलं नाही. मैत्रिणीला आजच सांग ग. तिने नातेवाइकांना लिंक पाठवली असणार आणि कोणीतरी तिला फोन करून सांगणार की गाणं उघडत नाहीये. ते तुझ्याकडून कळणं आणि तिऱ्हाइताकडून कळणं यात फार फरक आहे. माझ्या बाबतीत तिऱ्हाइताकडून कळलं होतं.

आणि भेटशील तेव्हा वाटणी कागदावर लिहून घ्या. दोन वेगळ्या ओळी करा, एक रेकॉर्डिंगचा हक्क, दुसरी चाल आणि शब्दांचा. ती फक्त गायली की चालीतही तिचं काही आहे ते आत्ता दोघींना आठवतंय, दोन वर्षांनी आठवणार नाही. टक्के, सही, तारीख, आणि हे प्रमोशनचं नुकसान कोणाच्या वाट्याचं तेही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं, चॅट पण दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली मला आधी विचारायला हवं होतंस. हो म्हणाले, कारण हवंच होतं. मग कागद काढला. बोलता बोलता कळलं की कडव्याची चाल तिनेच बदलली होती आणि मी ते पार विसरले होते, म्हणजे तिचं नाव चालीतही यायला हवं. आम्ही चालीचे निम्मे निम्मे केले, नुकसान माझं.

डिस्ट्रिब्युटरला तारखेनुसार ईमेल पाठवलाय, स्क्रीनशॉट जोडलेत, फॉर्म भरलाय. अजून फक्त मिळाल्याची पोच आलीये. पुढच्या गाण्याचं पिच करून टाकलं. आणि ती सेटला येणार आहे, शेवटच्या वीस मिनिटांत वाजवेन, गाणं १२२ वर आहे त्यामुळे तिथे बरोबर बसतंय.

एकच विचारायचं राहिलं, दादा, दुसऱ्या पेनड्राइव्हवर तोच फोल्डर ठेवायचा का वेगळी गाणी?

प्रतिसाद २

तोच. अगदी जसाच्या तसा. आणि दोन्ही घरून निघायच्या आधी लावून बघा, तिथे जाऊन नाही.