फ्लॅट पसंत पडला, टोकन द्यायचंय, पण नेट येईल का? (पाथर्डी फाटा, नाशिक)

भाडेकरू_कॉलेजरोड
मंडळी, एक शंका होती. पुढच्या महिन्यात पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला नव्या बिल्डिंगमध्ये शिफ्ट व्हायचंय. मी घरूनच काम करतो, दिवसभर व्हिडिओ कॉल, त्यात बायको संध्याकाळी ऑनलाइन क्लास घेते, म्हणजे नेट नसेल तर घर असून नसल्यासारखं. दोन कंपन्यांच्या साइटवर पिनकोड टाकून बघितला तर दोन्हीकडे 'सेवा उपलब्ध' आणि हिरवी टिक. एजंट म्हणतो साहेब इथे सगळं चालतं, पण तो तर पाणीपण चोवीस तास आहे म्हणतो. नक्की काय बघू?

म्हसरूळचा_बाळ्या
हिरव्या टिकवर जाऊ नको भाऊ. मी गेलो होतो. ऑनलाइन पैसे भरले, सामान लावलं, मग कंपनीचा पोरगा आला, गच्चीत जाऊन आला आणि म्हणतो आमची लाइन मेन रोडच्या खांबापर्यंतच आहे, आत यायला सोसायटीची परमिशन नाही. सेक्रेटरी गावाला गेलेला. तेवीस दिवस मोबाइल हॉटस्पॉटवर काढले, कॉल असला की बहिणीच्या घरी पंचवटीत जाऊन बसायचो, शेवटी भाचे पण वैतागले. रिफंडसाठी किती फोन केले ते विचारूच नको.

वायरवाला_नाना
फायबरचंच काम करतो म्हणून सांगतो. पिनकोडमध्ये हजारो घरं असतात, त्यातल्या एका गल्लीत लाइन असली तरी साइट हो म्हणू शकते. तुम्ही बिल्डिंगच्या डक्टमध्ये नाहीतर जिन्यात बघा, छोटी प्लास्टिकची पेटी असते, त्यावर कंपनीचं स्टिकर. त्यात 8 किंवा 16 पोर्ट असतात, म्हणजे घराघराची वायर जोडायच्या जागा, सगळे भरले असले तर लाइन असूनही तुम्हाला थांबावं लागेल. ती पेटी कुणाची, पोर्ट शिल्लक आहे का, हे कॉल सेंटरला नाही, त्या भागात फिरणाऱ्या पोराला विचारा, नंबर वॉचमनकडे असतोच.
दुसरं, डक्टपासून हॉलपर्यंत पाइप टाकलाय का बघा, नाहीतर वायर दारावरून लोंबणार. आणि फिटिंगच्या वेळी मीटरवर वायरीतल्या उजेडाची ताकद (dBm) दाखवायला सांगा. मायनस 18 ते 22 आला तर मस्त, मायनस 27 च्या पलीकडे गेला की घरातल्या राउटरच्या डब्यावर लाल लाइट लागायची भीती. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की कोपऱ्यात वायर काटकोनात दाबलेली असते, काचेचीच ती, जास्त वाकली की उजेड गळतो.

गंगापूररोडकर
एवढं करेपर्यंत फ्लॅट दुसरा घेऊन जाईल की. नाहीच झालं तर एअरफायबर घ्या, छतावर डबा लावला की झालं.

वायरवाला_नाना
@गंगापूररोडकर घ्या ना, पण तो 5जी टॉवरवर चालतो. रात्री नऊ वाजता त्याच कंपनीचं 5जी सिम घेऊन त्या फ्लॅटच्या खिडकीत उभं राहून स्पीड बघा आधी, सकाळी अकराचा आकडा काही कामाचा नाही. आणि सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी ठिकठिकाणी खोदकाम चालू आहे, जेसीबीनं केबल तोडली की फायबरवाला पण बसतोच, म्हणून घरचं फायबर आणि मोबाइलचं नेट दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचं असलेलं बरं.

सिडकोची_ताई
लाइट गेली तर काय तेही बघा. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा 12 व्होल्टचा यूपीएस मिळतो, पण तुमचा डबा किती व्होल्टचा ते अडॅप्टरवर वाचून मगच घ्या. आणि प्लॅनचा रेट बघताना वर 18 टक्के जीएसटी धरा.

भाडेकरू_कॉलेजरोड
काल रात्री जाऊन आलो. पेटी तिसऱ्या मजल्यावर डक्टमध्ये, 8 पैकी 6 पोर्ट भरलेले. समोरच्या काकूंनी आत बोलावून चहा दिला, त्यांच्या 100 एमबीपीएसच्या प्लॅनवर स्पीड 93 आला, फक्त बेडरूममध्ये 30. पाइप मात्र नाही टाकलेला, मालक म्हणाले दाराच्या चौकटीवरून पट्टी मारून देतो. नेट लागलं नाही तर टोकन परत, असं पावतीवरच लिहून घेतलं, तेव्हा एजंटचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. नाना, पोर्ट आत्ताच अडवून ठेवता येतो का हो?

वायरवाला_नाना
पैसे भरून ऑर्डर टाकल्याशिवाय नाही. चावी मिळायच्या आठवडाभर आधी टाका.