अनुभव धागा : दोघांसाठी हलका तंबू, आपल्या मराठवाड्याच्या रानात

धागाकर्ती, छत्रपती संभाजीनगर

पाऊस ओसरला की आपल्याकडं तंबूची चौकशी सुरू होते. कुणाला कन्नड-सोयगावच्या डोंगरात फिरायचं असतं, कुणी बालाघाटावरून चालत निघतं, कुणी सचखंड एक्सप्रेसनं उत्तरेत उतरून पुढं हिमाचल गाठतं. तंबूबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं, पण ते बहुतेक थंड, ओल्या मुलखात फिरणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. आपल्याकडं तंबूची परीक्षा घेतात ती धसकटं, सराटे, धुरळा, काळी माती आणि उन्हाळ्याची झळ. म्हणून हा धागा काढला. तंबू कुठल्या कंपनीचा, याहून तो कुठं लावला, जमीन कशी होती, काय टिकलं आणि काय नाही, हे सविस्तर लिहा. वजन सांगताना पिशवी, खुंट्या, दोऱ्या सगळं धरून सांगा. कंपन्या जे कमीत कमी वजन छापतात त्यात बहुधा आतला तंबू, वरचं कापड आणि काठ्या एवढंच धरलेलं असतं.

सुरुवात मीच करते. आम्ही नवरा-बायको चालतो. तंबू निवडण्याआधी दोघांनी घरच्या फरशीवर झोपून बघावं, हे माझं पहिलं सांगणं. दोन फुटी फरशीच्या दोन ओळी म्हणजे साधारण १२० सेंमी. झोपायची साधी मॅट ५१ सेंमी रुंद असते, दोन झाल्या १०२. रुंद मॅट ६३ ची, दोन झाल्या १२६. आता एमएसआर कंपनीच्या हब्बा हब्बा तंबूचा तळ २१३ बाय १२७ सेंमी, सगळीकडं सारखा रुंद. बिग अ‍ॅग्नेस कंपनीचा कॉपर स्पर यूएल २ हा तंबू डोक्याकडं १३२, पण पायाकडं निमुळता होत १०७. म्हणजे तिथं दोन रुंद मॅटा पायथ्याशी एकमेकींवर चढणार. कागदावर दोन्ही ‘टू पर्सन’च. आम्ही फरशीवर खडूनं दोन्ही आकार आखले, मॅटा टाकल्या आणि झोपलो. माझ्या नवऱ्याची उंची सहा फूट, त्यामुळं लांबीही तिथंच कळली. पाय कापडाला टेकले की पहाटे स्लीपिंग बॅगचं टोक ओलं होतं.

दुसरा आग्रह दोन दारांचा. एकच दार असलं की रात्री उठणाऱ्याला दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं, आणि दोघांच्या पिशव्या एकाच पडवीत, म्हणजे दारापुढं वरच्या कापडाखाली उरणाऱ्या जागेत, कोंबाव्या लागतात. दोन दारांनी वजन थोडं वाढतं. ते मी आनंदानं वाहते.

सराटा, सोयगाव तालुका

ताई, रुंदीचं अगदी पटलं. मी जमिनीचं लिहितो. वेताळवाडी, जंजाळा, अंतूर या बाजूला आमचं फिरणं. मुक्काम बहुतेक पायथ्याच्या शेतात, मालकाला विचारून. काढणी झालेलं ज्वारीचं रान लांबून सपाट, मऊ दिसतं, पण त्यात तिरकी कापलेली धसकटं उभी असतात. २० डेनियरचा (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पातळ तळ त्यावर टाकून माणूस आत गुडघ्यावर फिरला की भोक ठरलेलं. बाभळीचा काटा तर मॅटही फोडतो. त्यामुळं आम्ही बांधालगतची पडीक जागा किंवा खळं शोधतो, आणि तंबू उघडण्याआधी दोघं उकिडवे बसून सगळी जागा तळहातानं चाचपतो. डोळ्याला न दिसणारा सराटा हाताला लागतोच.

तंबूखाली जुना फ्लेक्स अंथरतात बरेच जण. मजबूत आहे, फुकट मिळतो, पण तंबूच्या मापाचा तुकडा पाऊण किलोच्या घरात जातो. मग हलका तंबू घेऊन काय उपयोग? मी मिरचीला, टरबुजाला वापरतात तो मल्चिंग पेपर वापरतो. ३० मायक्रॉनचा, चार फुटी पट्टा. तंबूच्या लांबीचा तुकडा शंभर ग्रॅमच्या आत बसतो, ओल अडवतो, तळाला घासण्यापासून वाचवतो. काटा मात्र त्यानं अडत नाही, चाचपणं चुकत नाही. आणि खालचा कागद तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका. वरून ओघळलेलं पाणी त्यावर साचतं आणि थेट तुमच्या पाठीखाली येतं.

मुरूम, अंबाजोगाई

मल्चिंग पेपर उत्तमच. मी खुंट्यांवर जरा तपशिलात लिहिणार आहे, कारण तंबू निवडताना ही गोष्ट फार कमी लोक विचारात घेतात.

काठ्यांच्या जोरावर आपला आपण उभा राहणारा तंबू, म्हणजे फ्रीस्टँडिंग, आणि खुंट्या-दोऱ्यांवर ताणून उभा राहणारा, म्हणजे ट्रेकिंग पोलवाला, हे मुख्य दोन प्रकार. दुसरा कितीतरी हलका, किलोच्या आत मिळतो, कारण काठ्या तुमच्या हातातल्याच असतात. माझ्याकडं दोन्ही आहेत. आपल्याकडच्या जमिनीवर दुसरा कुठं चालतो ते सांगतो.

मुरमाड माळावर चालतो, फक्त खुंटी तीन धारांची, वाय आकाराची हवी. तारेची वाकवलेली खुंटी मुरमात शिरताना वाकते. कोरड्या काळ्या मातीत जिथं भेगा पडल्यात तिथं खुंटी जाते सहज आणि निघतेही सहज, त्यामुळं भेगा सोडून घट्ट ढेकळात, तिरकी आणि जास्त लांबीची ठोकायची. खरा घोळ काळी माती भिजल्यावर होतो. मार्च-एप्रिलमध्ये वळीव आला की आधी वारा येतो, मग पाऊस. वाऱ्यात टिकलेली खुंटी पावसानंतर लोण्यात रुतवल्यासारखी ढिली पडते, आणि पुढच्या झोताला ट्रेकिंग पोलवाला तंबू अख्खाच्या अख्खा बसतो. फ्रीस्टँडिंगचं वरचं कापड फडफडतं, पण सांगाडा उभा राहतो, आत माणूस कोरडा राहतो.

कातळावर तर खुंटीचा प्रश्नच नाही. तिथं दोरी एका लहान दगडाभोवती गुंडाळायची आणि त्याच्या पुढं, तंबूच्या बाजूला, दोरीवरच मोठा दगड ठेवायचा. दोरी ओढली की लहान दगड मोठ्याला जाऊन अडकतो. नुसता मोठ्या दगडाला दोरीचा वेढा दिला तर काळ्या दगडाच्या धारेवर ती रात्रभर घासते आणि पहाटे तुटलेली मिळते. दोरी कुठल्याही तंबूसोबत थोडी जास्तच ठेवा, वजन नगण्य आहे.

माझं मत स्पष्ट आहे. एकच तंबू घ्यायचा असेल आणि फिरणं मराठवाड्यात जास्त असेल तर फ्रीस्टँडिंग घ्या, अर्धा किलो जास्त गेलं तरी. दोघांत वाटून घेतल्यावर ते वाट्याला पाव किलो येतं.

गोदेकाठची, परभणी

मुरूमदादा, वाटून घेण्याचं लिहिलंत ते बरं झालं. आम्ही दोघी मैत्रिणी चालतो. एकीकडं काठ्या, खुंट्या आणि आतला तंबू, दुसरीकडं वरचं कापड आणि स्वयंपाकाचं. त्यामुळं पावणेदोन किलोचा तंबू आम्हाला कधी जड वाटला नाही.

मला थंडीबद्दल सांगायचंय. परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत उघड्या रानात झोपलेल्याला ती नीट कळते. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, बाजूला कालव्याचं पाणी आणि भिजलेला हरभरा किंवा गहू. अशा रात्री तंबूचं कापड आकाशाकडं उष्णता टाकून हवेपेक्षाही थंड होतं आणि त्यावर आतून-बाहेरून दव धरतं. एकपदरी तंबूत दोघांच्या श्वासाचं पाणी आतल्या अंगाला जमतं, आणि कूस वळताना खांदा लागला की ओघळतं. दुपदरी तंबूत ते वरच्या कापडाच्या आतून राहतं, जाळी तुम्हाला त्यापासून लांब ठेवते. पण वरचं कापड आणि जाळी यांत चार बोटांचं अंतर हवं. वरचं कापड सैल पडलं की दोन्ही चिकटतात आणि दुपदरीचा फायदा गेला. नायलॉन ओलं झालं की ताणतं, म्हणून झोपताना एकदा दोऱ्या आवळून घ्या. पॉलिस्टर इतकं ताणत नाही.

आणि थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बंद करू नका. वरची झडप उघडीच ठेवायची आणि अंगावर एक थर वाढवायचा. जागा पाण्यापासून लांब, थोडी उंचावर, जमल्यास झाडाखाली. आंब्याखाली लावलेला तंबू सकाळी कोरडा आणि उघड्यावरचा निथळणारा, हे एकाच रानात बघितलंय.

पूर्ण जाळीचा आतला तंबू मात्र मला नको वाटतो. उन्हाळ्यात वावटळ आली की मैद्यासारखा धुरळा आत उतरतो, आणि पावसाळ्यानंतर कुसळं जाळीत रुततात. कुसळ उलटं ओढलं की जाळीचा धागा निघतो, ते आतल्या बाजूनं टोकाकडून काढावं लागतं. खाली हातभर कापड आणि वर जाळी असा प्रकार मिळतो, आपल्याकडं तोच घ्यावा.

धागाकर्ती

हे जाळीचं फार मोलाचं आहे. तळ नसलेला नुसता टार्प वापरणारे इथं कुणी आहे का? वजनात त्याला तोड नाही.

बालाघाटकर, बीड

ताई, टार्पचा विचार आपल्याकडं करू नका, असं मी कळकळीनं सांगतो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते, चावा कित्येकदा जाणवतही नाही. विंचू तर दगड उचलला की आहेच. बंद तळ आणि शेवटपर्यंत लागणारी चेन, यात तडजोड नको. बूट आतल्या पडवीत ठेवले तरी सकाळी झटकूनच घालायचे.

माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे, माझं लहानपण कोपीत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत गेलं. कोपी कुठं घालायची हे वडील आधी नुसतं उभं राहून ठरवायचे. पाणी कुठून उतरेल, वारा कुठून येईल, बैलं कुठं बांधायची. सखल, मऊ जागा बायाबापड्यांना झोपायला बरी वाटायची, पण वडील तिथं कधी घालू द्यायचे नाहीत. आज मित्रासोबत कपिलधार, सौताडा या बाजूच्या डोंगरात चालताना मी तंबूची जागा तशीच बघतो. कोपीभोवती चर खणायची रीत होती. दुसऱ्याच्या रानात किंवा जंगलात तसं खणू नये, त्यापेक्षा मुळात उताराच्या कडेची उंच जागा घ्यावी.

त्या अनुभवातून तंबू घेताना मी तळाची कड बघतो. तळाचं कापड चारही बाजूंनी वीतभर वर चढलेलं हवं आणि शिवण जमिनीला टेकता कामा नये. वॉटरप्रूफचे आकडे, म्हणजे किती मिमी उंच पाण्याचा दाब कापड सोसतं ते, लोक वरच्या कापडाचे बघतात. वर १५०० ते २००० मिमीला शिवणीवर पट्टी असली की आपल्या पावसाला पुष्कळ झालं. तळ ३००० चा बरा, कारण तिथं गुडघ्याचा, कोपराचा दाब पडतो आणि ओल दाबानं वर येते.

नाथसागर, पैठण

वरच्या सगळ्यांना धन्यवाद. मी फक्त परवानगीचं लिहितो. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, म्हणजे देवगिरीवर तंबू लावायचा विषयच नाही. गौताळा किंवा जायकवाडीच्या अभयारण्यात वन विभागाची परवानगी लागते. त्यामुळं आपल्या भागात मुक्काम शेतातच होतो, आणि त्यासाठी मालकाशी बोलावं लागतं. मी अंधार पडायच्या आधी वस्तीवर जातो, “मामा, रातच्याला इथं तंबू लावला तर चालंल का?” असं विचारतो. “राहा की, कामून नाही? निस्तं हिरीकडं जाऊ नका,” असंच बहुतेक ऐकू येतं, आणि मागोमाग भाकरीचं विचारतात. तंबू भडक केशरी-पिवळा नको, असं एक मत मी वाचलं होतं. मला उलटा अनुभव आहे. रानात पाणी द्यायला रात्री लाइट आली की शेतकरी उठतो, त्याला तुमचा तंबू लांबून दिसावा हेच बरं.

खुंटी, नांदेड

हलका तंबू महाग पडतो, म्हणून तो टिकवायचा कसा हे लिहितो. आपल्याकडं तंबू डोंगरात कमी आणि घरात जास्त खराब होतो. पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, घडी करून पिशवीत आवळून ठेवलेला तंबू पावसाळ्यात उघडला की आतून चिकट लागतो आणि आंबट वास येतो. पॉलियुरेथेनचा लेप उष्णता आणि ओलाव्यानं असा सुटतो, मग त्याला उपाय नाही. दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला हे होत नाही, पण त्यावर शिवणीची पट्टी चिकटत नाही, त्यामुळं शिवण सिलिकॉननं भरून घ्यावी लागते. घेतानाच हे विचारून घ्या.

परत आलं की सावलीत पूर्ण वाळवायचा. उन्हात नाही, ऊन नायलॉनला खातं. मग मूळ पिशवीत न कोंबता उशीच्या जुन्या अभ्र्यात सैल भरायचा आणि घरातल्या सगळ्यात थंड खोलीत टांगायचा. धान्याच्या पोत्यांजवळ अजिबात नको, उंदीर पोतं सोडून तंबू कुरतडतात.

काठ्या अ‍ॅल्युमिनियमच्याच घ्या. फायबरची काठी उभी चिरते आणि तिची कुसं हातात घुसतात. अ‍ॅल्युमिनियमची वाकते, पण काम चालवता येतं. हिमाचलातल्या हम्पता खिंडीत आमची एक काठी वाऱ्यानं वाकली. सोबत आलेली बोटभर नळी त्यावर सरकवून चिकटपट्टी मारली आणि उरलेला सगळा प्रवास काढला. ती नळी बरेच जण बिनकामाची समजून घरी ठेवतात.

सायकलवाला, लातूर

मी आणि माझा भाऊ सायकलवर औसा, नळदुर्ग, परांडा असं फिरतो, त्यामुळं माझा निकष जरा वेगळा. वजनाइतकंच घडी केल्यावरची लांबी बघतो. काठीचा एकेक तुकडा ४५ सेंमीच्या वर गेला की हँडलला आडवा बसत नाही, ब्रेकच्या तारा दाबतो. काही कंपन्या आता सायकलसाठी म्हणून आखूड तुकड्यांच्या काठ्या देतात.

आणि धुरळ्याचं वर आलंच आहे, तर चेनचं सांगतो. हलक्या तंबूत सगळ्यात आधी चेनच जाते. दात चांगले असतात, पण सरकणारी टिकली धुळीनं आतून झिजून सैल होते, मग चेन लागल्यासारखी दिसते आणि मागून उघडत जाते. रोज सकाळी जुन्या टूथब्रशनं चेन कोरडीच झाडा, तेल लावू नका, तेलाला धूळ धरते. तरी सुटायला लागली तर टिकलीच्या दोन्ही कडा छोट्या पक्कडीनं, आधी एक मग दुसरी, अगदी थोड्या दाबायच्या आणि चेन लावून बघायची. एका दमात जोर दिला तर टिकली फुटते.

मुरूम, अंबाजोगाई

पक्कडीचा उपाय मीही केलाय, चालतो. दारापुढं एक पोतं अंथरून पाय त्यावर झटकून आत गेलं तर निम्मी धूळ चेनपर्यंत येतच नाही.

धागाकर्ती

उदगीर, कंधार आणि माहूरच्या बाजूचं अजून कुणी लिहिलेलं नाही. किनवटच्या सागाच्या जंगलात पावसाळ्याच्या शेवटी तंबू लावलेल्यांनी जरूर लिहा, तिथली ओल आणि डास आमच्याकडच्या माळापेक्षा फार वेगळे आहेत, आणि जाळीच्या बारकाईबद्दल मला तिथल्याच माणसाकडून ऐकायचंय.