ख्रिस्ती थ्रिलरमध्ये देव किती पानांवर हवा?

निशाचर_वाचक: अमेरिकेतल्या ख्रिस्ती प्रकाशनांचे थ्रिलर बरेच वाचून झाले. सिरियल किलर, अपहरण, सैतानी पंथ, सगळा मसाला असतो. तक्रार एकच. अख्खी कादंबरी अंधार, आणि शेवटच्या प्रकरणात डिटेक्टिव्ह ढसाढसा रडून येशूला स्वीकारतो. ते प्रकरण फाडून टाकलं तरी खुनाच्या उकलीत काडीचा फरक पडत नाही. मग श्रद्धा हवी कशाला? फ्रँक पेरेटीच्या 'धिस प्रेझेंट डार्कनेस'मध्ये (१९८६) निदान तसं नाही. गावातली मूठभर माणसं प्रार्थना करतात तेव्हाच देवदूतांच्या तलवारींत जोर येतो. प्रार्थना आटली की सैतानाची सरशी. बटबटीत आहे, मान्य, पण प्रार्थना काढली तर गोष्ट पुढे सरकतच नाही.

वसईची_मेरी: मी ही पुस्तकं शाळकरी मुलीसाठी घेते. शिवीगाळ नाही, बेडरूम नाही आणि शेवटी आशा आहे, एवढं मला आधीच कळायला हवं. पुड्यावरचा हिरवा ठिपका बघून बिस्किटं घेतो ना, तसंच. तुम्हाला तो शेवट चिकटवलेला वाटतो. माझ्यासारख्या वाचकांनी पैसे त्याचेच मोजलेले असतात.

तिरकस: मेरीताई, बायबलला तरी लागेल का हो तुमचा ठिपका? त्यातलं 'शास्ते' हे पुस्तक, अध्याय १९ काढा. जमाव लेवी वंशातल्या एका माणसाच्या उपपत्नीवर रात्रभर अत्याचार करतो, सकाळी ती उंबरठ्यावर पडलेली सापडते, आणि हा गृहस्थ तिचे बारा तुकडे करून देशभर पाठवतो. त्या अध्यायात देव अवाक्षर बोलत नाही. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं.

वसईची_मेरी: पुढचा अध्याय वाचलात? विसाव्यात ते तुकडे मिळालेले इस्राएली लोक देवाला विचारायला जातात. एकोणिसावा अध्याय तेवढाच सुटा छापून कुणी विकत नाही.

गावठी_ग्रीन: (रहस्यभेद आहे, ग्रॅहम ग्रीनची 'ब्रायटन रॉक' ही कादंबरी वाचायची असेल तर पुढे जाऊ नका.) तिच्यातला पिंकी सतरा वर्षांचा गुंड. खून करतो आणि नरकावर त्याचा पक्का विश्वास. त्याच्या मागावर असलेली आयडा देवाधर्माच्या वाटेलाही जात नाही, तिला फक्त न्याय हवा. म्हणजे श्रद्धा खुन्याकडे! शेवटी पिंकीची बायको रोझ पाद्र्याकडे जाते, तो तिला धीर देतो, आणि ती पिंकीच्या आवाजाची तबकडी ऐकायला घरी निघते. त्या तबकडीत काय भरलंय ते आपल्याला ठाऊक, तिला नाही. इथे श्रद्धेने उकल होत नाही, पण ती काढली तर भीतीच उरत नाही.

निशाचर_वाचक: भारी उदाहरण. पण ग्रीन ख्रिस्ती शेल्फवर विकला जात नव्हता. लेबल लावलंय त्यांना मी जाब विचारतोय.

तिरकस: लेबल बाजाराचं आहे, राव. झोंडरव्हन आणि थॉमस नेल्सन, दोन्ही ख्रिस्ती प्रकाशनं आता हार्परकॉलिन्स या बड्या प्रकाशन कंपनीच्या खिशात. मालक एक, शेल्फ वेगळं.

वसईची_मेरी: मालकाशी मला काय करायचंय? 'ब्रायटन रॉक' मात्र मुलीला देईन. बारावीनंतर. आणि ख्रिस्ती थ्रिलर म्हणून नाही.