बॅगमागे पैसे दिले, चार दिवस काम पळालं; आता सगळ्यांचा आकडा सारखाच कसा येतोय?

बीजकेंद्र_औसा

नमस्कार. औसा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सोयाबीन बीजप्रक्रिया केंद्राचं रोजचं काम मी बघते. अनुभवी लोकांचा सल्ला हवाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कच्चं बियाणं आधी साफसफाई आणि निवड करणाऱ्या यंत्रांवरून, म्हणजे ग्रेडरवरून आणि स्पायरलवरून जातं. पुढं पट्ट्यावर बाया बसलेल्या असतात, त्या फुटका दाणा, काडी, खडा निवडतात. मग काट्यावर 30 किलोची बॅग भरायची, टॅग लावून तोंड शिवायचं आणि हमालांनी थप्पी लावायची. पेरणीच्या आधी माल दुकानांत पोचलाच पाहिजे, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये सगळ्यांच्याच जिवाची घालमेल असते.

यंदा संचालक मंडळानं ठरवलं की रोजंदारी आहे तशी राहील, पण ठरलेल्या कोट्याच्या वर जी बॅग होईल तिच्यामागे जादा पैसे. भरणारा, शिवणारा आणि थप्पीवाला, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. पट्ट्यावरच्या बायांना यात धरलं नाही, कारण 'त्यांचं काम मोजता येत नाही'.

सुरुवातीला काम खरंच पळालं. मग हळूहळू सगळे एकाच आकड्यावर येऊन थांबले. कोट्याच्या थोडं वर, रोज तेवढंच. थप्पीवर एक मामा आहेत, पन्नाशीचे, पाठीवर बॅग अशी घेतात की जणू रिकामीच आहे. ते सगळ्यांच्या पुढं होते. एक दिवस मी काट्याजवळ उभी असताना एक पोरगा त्यांना म्हणाला, "मामा, एवढं कामून पळायलाव? तुमच्यामुळं उद्या कोटा वाढला तर आम्ही काय करावं?" तेव्हापासून मामा चार वाजले की तंबाखू मळत बसतात. पैसे समोर दिसत असताना.

दुसरीकडं बाया रुसल्यात. "बॅगा त्यांच्या नावावर, आणि पट्टा पळवला की डोळे आमचे जायचे," असं त्या म्हणतात. त्यांचं चूक नाही. पट्टा जोरात सोडला की फुटका दाणा बॅगेत जातो, हे मी स्वतः नमुना काढून बघितलंय. आणि खांद्यावरून बॅग थप्पीवर अलगद ठेवायची सोडून आदळायला लागलेत, ते वेगळंच.

मंडळातले एक जण म्हणतात, काम चोरायलेत, कॅमेरा लावा. दुसरे म्हणतात, बॅगमागचे पैसे वाढवा. मला दोन्ही पटत नाही, पण त्याऐवजी काय करायचं तेही सुचत नाही. समोर आलेले पैसे माणूस का सोडतो?

दालमिल_उदगीर

पैसे कधी देता, ते आधी सांगा. महिनाअखेरीला देत असाल तर माणसाला आजच्या घामाशी त्याचा संबंध लागत नाही. आमच्याकडं जादा कामाचा हिशेब त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर होतो आणि रोख हातात पडते. कॅमेऱ्यावर खर्च करू नका. तो फक्त काम चालू असल्यासारखं दाखवायला शिकवतो.

प्रेसशॉप_वाळूज

ताई, मी वाळूजला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये आधी ऑपरेटर, पुढं सुपरवायझर होतो. आता निवृत्त होऊन गंगापूरकडं शेती बघतो. तुमच्या मामांना पैसा नकोय असं अजिबात समजू नका. त्यांना उद्याच्या पैशाची काळजी आहे आणि शेजारच्या माणसाचीही आहे.

आमच्या शॉपमध्ये पत्र्याचे ब्रॅकेट निघायचे. एका लाइनवरच्या पोरांनी मन लावून इन्सेन्टिव्ह कमावला. पुढच्या वेळी टाइम स्टडी, म्हणजे घड्याळ लावून कामाची मोजणी, झाली आणि त्यांनी घाम गाळून काढलेला आकडाच सगळ्यांचा रोजचा कोटा म्हणून बोर्डावर लागला. जादा पैसा गेला, जादा काम तेवढं गळ्यात राहिलं. त्यानंतर नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर ही गोष्ट सांगितली जायची. मशीन कसं चालवायचं ते आम्ही शिकवायचो, किती चालवायचं ते टपरी शिकवायची.

मग काय व्हायचं बघा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चांगल्या हाताचा माणूस आकड्याजवळ पोचलेला असायचा. जास्तीचे नग तो बिनच्या मागं, रिकाम्या पॅलेटखाली सारून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी दाखवायचा. म्हणजे अंगात कसब होतं, मालही तयार होता, फक्त वहीत येत नव्हता. साहेब लोक म्हणायचे, आळशी झालेत. आळशी माणूस नग लपवायला एवढी मेहनत कशाला घेईल?

म्हणून माझा पहिला प्रश्न: योजनेची नोटीस लावली तेव्हा कोट्याबद्दल तिच्यात नेमकं काय लिहिलं होतं? पुढं कोटा वाढणार नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं का? नसेल सांगितलं, तर तुमच्या माणसांनी शहाणपणाचाच हिशेब केलाय.

दुसरं. तुमचा माल लोखंड नाही, बी आहे. सोयाबीनचं टरफल किती पातळ असतं आणि अंकुर त्याच्या लगेच खाली असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. बॅग आदळली की वरून काही दिसत नाही, शेतात उगवण कमी आली की दिसतं. थप्पी सात-आठ बॅगांच्या वर नेऊ नका, असं कृषी खातं सांगतं ते उगाच नाही. बॅगमागे पैसे लावले की बॅग मोजली जाते आणि बी मोजलं जात नाही. माझं स्पष्ट मत आहे की बियाण्याच्या कामात एकेकट्या माणसाला नगामागे पैसे देऊच नयेत. भरणारा, शिवणारा, थप्पीवाले आणि पट्ट्यावरच्या बाया मिळून एक पाळी धरा आणि जो काही जादा पैसा आहे तो त्या पाळीला द्या.

मॅनेजमेंट_नांदेड

मी महाविद्यालयात संघटनात्मक वर्तन हा विषय शिकवते. वाळूजच्या दादांनी जे लिहिलंय ते जवळजवळ तसंच्या तसं 1931-32 मध्ये अमेरिकेत नोंदवलं गेलं आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात टेलिफोन एक्स्चेंजची जोडणी करणारे 14 कामगार एका वेगळ्या खोलीत बसवले आणि कित्येक महिने एक निरीक्षक त्यांच्यात बसून होता. दिवसाला दोन नग झाले की काम पुरे, हे त्या गटानं आपापसात ठरवलेलं होतं. जास्त करणाऱ्याला टोमणे, कमी करणाऱ्यालाही टोमणे, आणि साहेबांकडं चुगली करणारा तर वाळीतच. कुणी फार पुढं गेलं तर दंडावर गुद्दा मारायची पद्धत होती. दादा सांगतात तसं जास्तीचं काम न दाखवता दुसऱ्या दिवसासाठी ठेवणंही तिथं होतं.

पण दादा, एका गोष्टीवर मी अडते. त्या खोलीत पगार गटाच्या उत्पादनावरच बेतलेला होता. तरीही गटानं हात आखडला. म्हणजे पैसा एकेकट्याऐवजी पाळीला दिला की प्रश्न सुटेल, असं नाही. दर कापतील, माणसं कमी करतील ही भीती तशीच असेल तर पाळीसुद्धा आकड्यावर थांबेल, आणि जास्त एकजुटीनं थांबेल. त्यामुळं दादांचा पहिला प्रश्न दुसऱ्या सल्ल्यापेक्षा मोलाचा आहे असं मला वाटतं.

गटानं काम करणं मात्र फार कामाचं आहे, आणि त्याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. 1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचे अभ्यासक ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले होते. नवे स्वयंचलित माग बसवूनही कापड हवं तसं निघत नव्हतं. विणकाम खात्यात 29 कामगार होते आणि त्यांची 12 प्रकारची कामं पाडलेली. धागा जोडणारा वेगळा, कांडी बदलणारा वेगळा, तेल देणारा वेगळा. कोण कुणाबरोबर आहे हे कुणालाच सांगता आलं नसतं. सात-सात जणांनी मागांचा एक संच पूर्ण सांभाळावा अशी कल्पना निघाली, आणि गट कुणी कुणाबरोबर करायचे हे कामगारांनी स्वतः ठरवलं. घडी बसल्यावर उत्पादनही वाढलं आणि खराब कापडही कमी झालं. ताईंच्या केंद्रात आज थप्पीवाला आणि पट्ट्यावरची बाई हे एकमेकांचे कुणीच नाहीत. ते आधी बदला.

एक सूचना. तुमच्या मंडळात कुणी हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं नाव घेऊन 'पैशानं माणूस कामाला लागत नाही' असं म्हणालं, तर त्यांना सांगा की 1959 चा तो अभ्यास पिट्सबर्ग भागातल्या सुमारे 200 अभियंते आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवर उभा आहे. पाठीवर 30 किलो घेणाऱ्या माणसाला पैसा हवाच असतो. तो कसा आणि कोणत्या भरवशावर मिळतो, यावर पुढचं सगळं ठरतं.

केज_कारखाना

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे, म्हणून लिहितो. टोळीत तोड कोयत्याच्या हिशेबानं असते, नवरा-बायकोचा एक कोयता. पण गाडी भरायला सगळी टोळी लागते. मोळी वर द्यायला कुणी मागं राहिलं तर बाकीच्यांचा वेळ जातो, म्हणून आपोआप एकमेकांवर लक्ष असतं. आईला ताप आला तर शेजारचा कोयता तिच्या वाट्याच्या मोळ्या टाकायचा, आणि पुढं आम्ही त्यांच्या टाकायचो. हे मुकादमानं कधी सांगितलं नाही. एका गावची, एका भावकीची माणसं असायची म्हणून होतं. ऊसतोडीत उचलीचं ओझं आणि हाल किती आहेत ते आम्ही भोगलंय, त्यामुळं त्याचं कौतुक मला करायचं नाही. एवढंच सांगायचंय की पाळ्या पाडताना माणसांना आपली जोडी निवडू द्या. वरून यादी लावू नका.

बीजकेंद्र_औसा

सगळ्यांचे मनापासून आभार. वाळूजच्या दादांचा प्रश्न वाचून काल नोटीस परत काढून बघितली. शेवटची ओळ अशी आहे: 'उत्पादन पाहून कोटा दर महिन्याला नव्याने ठरवण्यात येईल.' ही ओळ आमच्या मंडळाला साधी वाटली होती. काट्यावरच्या पोराला विचारलं तर त्याला ती पाठ होती. वर तो म्हणाला, "आधीच्या ठेकेदारानं हमालीचं असंच केलतं, ताई. जास्त उचललं की म्हणायचा, बघा, जमतंय की." आम्ही ठेकेदार बदलला, पण थप्पीवरची माणसं तीच आहेत आणि त्यांच्या ध्यानात सगळं आहे.

मंडळापुढं मी असं मांडणार आहे: हंगाम संपेपर्यंत कोटाही बदलणार नाही आणि दरही, असं लिहून द्यायचं. जादा पैसा पूर्ण पाळीला, बायांना धरून, सारखा वाटून. आणि ज्या लॉटची उगवण चाचणी चांगली येईल त्यावर थोडा वेगळा पैसा. प्रमाणित बियाण्याला 70 टक्के उगवण लागतेच, आम्ही त्याच्या बऱ्याच वर राहायचं ठरवलंय. दालमिलवाल्या भाऊंचं रोजच्या हिशेबाचंही पटलं. उगवणीचा निकाल यायला आठवडा लागतो, म्हणून बॅगांचे पैसे रोज आणि उगवणीचे लॉट पास झाल्यावर.

एक शंका आहे. सारखं वाटलं तर मामांसारख्या माणसावर अन्याय नाही का होणार? ते दोघांचं काम एकटे करतात.

प्रेसशॉप_वाळूज

नांदेडच्या मॅडमचं बरोबर आहे, भरवसा आधी आणि वाटणी नंतर. ती नोटीस काढून टाका आणि नवी लावताना अध्यक्षांची सही घ्या. आणि कागद नुसता लावू नका, अध्यक्षांनी स्वतः काट्यापाशी उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकला तर त्यांच्यापर्यंत अर्धाच पोचतो.

मामांचं म्हणाल तर वाटणी पाळीलाच ठरवू द्या. आमच्याकडं मशीनच्या एका गटावर डाय (साचा) बसवणाऱ्या जुन्या मिस्त्रीला पोरांनी आपणहून दीड वाटा दिला होता, तोही सुपरवायझरनं एका शब्दानं न सांगता. वरून दिला असता तर भांडणं झाली असती. मामांना जास्त द्यायचंच असेल तर कंपनीनं वेगळ्या कामाचं द्यावं. थप्पी कशी लावायची, बॅग खांद्यावरून कशी उतरवायची, हे नव्या पोरांना शिकवण्याची जबाबदारी त्यांच्याकडं द्या आणि त्याचे पैसे रोजंदारीत वाढवा. ते बॅगांच्या आकड्यात मिसळू नका. आणि हे पाळीसमोर सांगा, कानात नको. मामांना कानात सांगितलं तर संध्याकाळपर्यंत त्यांच्याबद्दल दहा गोष्टी उठतील आणि ते परत तंबाखूला बसतील.

बायांशी मात्र आजच बोला, मंडळाची बैठक होईपर्यंत थांबू नका. पट्ट्याचा वेग किती ठेवायचा हे त्यांच्यातल्या एकीच्या हातात द्या. बटण तिच्याजवळ बसवून घ्या. वायरमनचं तासाभराचं काम आहे.

बीजकेंद्र_औसा

बटणाचं डोक्यातच आलं नव्हतं. वायरमनला फोन लावलाय, उद्या सकाळी येतोय. बैठक सोमवारी आहे, काय ठरतं ते इथं लिहीन.